केसांचं कुंपण

लग्न होऊन मी नांदुऱ्याकडच्या एका गावात आले, त्या हिवाळ्यात आमच्या घराला रानडुकरांचा त्रास होता. सासूबाईंनी परसात मोरीच्या पाण्यावर रताळी लावली होती. नाल्याकाठच्या बाभळीतून डुकरं पहाटे यायची, वाफा नांगरल्यासारखा उलथवायची आणि निघून जायची. बोराटीच्या काटेरी कुंपणाखालून त्यांनी वाट पाडली होती. ती आमच्या फाटकापेक्षा जास्त वापरात होती. बंदुकीचा परवाना बुलढाण्याच्या साहेबाकडून मिळायचा, आणि साहेब शाळामास्तराला बंदूक देत नसे.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, शाळामास्तर. ते आणि सासूबाई एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, त्या घरची रीतच तशी. दोघं एकाच ओसरीत बसत आणि काय ते मला सांगत. मी यायच्या आधी हे काम कोण करायचं, असं मी नणंदेला विचारलं.

"मांजर," ती म्हणाली.

खामगावच्या बाजारात मामाजींना कुणीतरी सांगितलं, की माणसाचे केस पसरले तर डुक्कर येत नाही. हुंगताना ते त्याच्या नाकात जातात. त्यांनी गावच्या न्हाव्याला सांगून ठेवलं. पोतंभर केस आले आणि वाफ्याभोवती पसरले गेले.

"त्यायले सांग," सासूबाई म्हणाल्या, "विटाळ झाला. मी आता परसात पाय ठेवत नाही."

मामाजी हातभर अंतरावर बसले होते. "तिले सांग, डुकरं पाय ठेवत होती ते चाललं काय?"

मी दोन्ही सांगितलं.

डुकरं काही दिवस आली नाहीत. वारा सुटला तसे केस मात्र घरात आले. पिठल्यात एक पांढरा केस निघाला. मामाजींनी तो ताटाबाहेर ठेवला. "हा पाटलाचा दिसते," म्हणाले आणि जेवू लागले.

मग एके दिवशी चांगलं उजाडल्यावर मामाजी पंचा नेसून परसात आंघोळीला गेले. मागच्या दाराजवळच्या चुलीवर पाण्याचा हंडा उकळत होता. तेवढ्यात कुंपणाखालून एक डुकरीण पिल्लं घेऊन आत शिरली. केस हुंगून ती शिंकली आणि तिला राग आला. मामाजी जांबाच्या झाडावर चढले. एवढ्या वयात ते चढतील असं मला वाटलं नव्हतं. डुकरीण खाली उभी राहिली.

मी आणि सासूबाई मागच्या दारात होतो.

"तिले सांग..." झाडावरून मामाजी म्हणाले. मी सांगायला वळले, तर त्या चुलीकडे निघाल्या होत्या.

सासूबाईंनी पदर खोचला, फडक्यानं धरून हंडा उचलला, केस तुडवत गेल्या आणि उकळतं पाणी डुकरिणीच्या अंगावर फेकलं. ती किंचाळत बोराटी तोडून गेली. पिल्लं मागून.

सासूबाईंनी वर पाहिलं.

"उतरा," त्या म्हणाल्या. "गरम पाणी संपलं. थंड्या पाण्यानं आंघोळ करा."

त्यांना नवऱ्याशी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हाव," मामाजी म्हणाले. ते बराच वेळ उतरले नाहीत. उतरल्यावर त्यांनी कुणी न सांगता केस झाडून काढले. सासूबाई दारात बसून कुठे राहिले ते दाखवत होत्या.

पुढच्या हिवाळ्यात वाफ्याभोवती दाट करडी पेरली. तिचे काटे डुकरांना नकोसे झाले. करडीची कल्पना कुणाची यावर दोघं वर्षानुवर्षं भांडली, तेही समोरासमोर.