हात फिरवलेली पायली

तात्या प्रत्येक वस्तू ठोकून पाहत. नारळ, मडकं, कलिंगड सगळेच ठोकतात. तात्या बैल घेताना त्याचं कपाळ ठोकत, सुतारानं बसवलेली चौकट ठोकत, आणि देवाला वाहायचा रुपया, मग तो निजामाचा हाली असो की इंग्रजांचा कलदार, आधी देवळाच्या पायरीवर वाजवून घेत. पुजाऱ्यानं एकदा विचारलं, "तात्या, देवाच्या दारातबी संशय?" तात्या म्हणाले, "खोटा रुपाया मला कुनी दिला आसंल, तर देव धरनार मला. देनाऱ्याला न्हाई."

तात्या माझे सासरे. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी पाण्याला निघाले, तर त्यांनी मला अंगणात थांबवलं आणि माझ्या कमरेवरची माहेरची घागर दोन बोटांनी वाजवली. मला वाटलं, ही सासरची काहीतरी रीत असेल, म्हणून मी मान खाली घालून, डोळे मिटून उभी राहिले. ते नुसतं पाहत होते, माझ्या वडिलांनी पितळ जाड दिलं की पातळ. पाठोपाठ माझ्या डोक्यावरही टिचकी मारायचं त्यांच्या मनात होतं, असं घरचे अजून सांगतात. मारली असती तर आवाज पोकळच आला असता.

तात्यांचा संशय कुणा एकावर नसे, त्यामुळे कुणी फारसं मनाला लावून घेत नसे. हसत येणारा माणूस काहीतरी मागायला आलाय आणि गंभीर येणारा काहीतरी लपवून आलाय, असं ते धरून चालत. माझे यजमान एकदा म्हणाले, "हळू बोला, गडी झोपलाय, घोरतोय." तात्या म्हणाले, "घोरतो म्हंजी झोपलाच हाय, ह्यो तुजा अंदाज."

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडं, ओढ्याकाठी. निजामाचं राज्य. ओढ्याच्या या काठाला वरची आळी, त्या काठाला खालची, आणि दोन्हींचं मिळून एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं भुयार. वर दगडाचं झाकण, झाकणावर शेणमातीचं लिंपण. मागं कधीतरी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा जाणत्यांनी ठरवलं होतं की दरसाल पाडव्यानंतर खळ्यावर रास झाली की प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणं ज्वारी या पेवात घालायची, आणि ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत असेल त्याला त्यातून द्यायची. एक वर्ष कारभार वरच्या आळीकडं, एक वर्ष खालच्या. पाडव्याला पाळी बदलायची. जाणाऱ्यांनी तळाशी गुडघाभर ज्वारी शिल्लक ठेवून पेव पुढच्यांच्या हवाली करायचं, एवढाच नियम.

ती गुडघाभर ज्वारी कुणीच कधी पाहिली नाही. किती पायल्या आत गेल्या नि किती बाहेर आल्या, त्याच्या गेरूच्या रेघा देवळाच्या भिंतीवर ओढलेल्या असत. कीड, ओल यांचं सोडूनही रेघांप्रमाणं शिल्लक निघायला हवी. निघायची नाही. मग पाळी घेणारे म्हणत, मागच्यांनी खाल्ली. मागचे म्हणत, आम्हालाच आधीच्यांनी उणं पेव दिलं. आधीचे म्हणजे पुन्हा पाळी घेणारेच, त्यामुळे भांडण फिरून जाग्यावर यायचं आणि नव्यानं सुरू व्हायचं.

त्याच सुमारास हैदराबादेत सरकारी खजिन्यात खडखडाट आहे, अशी बातमी बाजारच्या गाड्यांबरोबर गावात आली. झालं, चावडीपुढच्या लिंबाखाली दोन तट पडले. वरची आळी म्हणे, खजिना नव्या दिवाणानं बुडवला, बाहेरची माणसं आणून बसवली. खालची आळी म्हणे, जुन्या दिवाणानं आधीच पोखरला होता, नव्यानं नुसतं झाकण उघडलं. दोन्ही दिवाणांना गावातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांच्यापायी दोघांची पागोटी ओढ्यात गेली. तात्या वरच्या आळीचे पुढारी, पण या बाबतीत कुणाचे नव्हते. म्हणायचे, "दोगांनाबी ठोकून बघा. दोगंबी पोकळच वाजतेत."

खालच्या आळीचे पुढारी आण्णा. हे आण्णा आमचे व्याही. माझी नणंद गिरजा त्यांच्या घरी दिलेली. तात्या त्यांना 'इवाई' म्हणत, आणि लेक देतानासुद्धा त्यांनी आण्णांच्या घराची भिंत ठोकून पाहिली होती. गिरजावन्सं म्हणजे तात्यांची एकुलती लेक. तात्यांनी तिला कधी ठोकून पाहिली नाही. तेवढी एकच गोष्ट त्यांनी न वाजवता खरी मानली होती.

तर त्या वर्षी पाळी आण्णांची होती, आणि पाडव्याला पेव उघडलं. आदल्या दिवशी झाकण काढून ठेवलेलं, आतली कोंडलेली हवा जावी म्हणून. कंदील खाली सोडून तो विझत नाही असं पाहिलं, मग एक गडी दोराला धरून उतरला. आतून आवाज आला, "घोट्याएवढी हाय."

तात्या म्हणाले, "इवाई, घोट्यापसून गुडघ्यापतूरची ज्वारी कुटं गेली?"

"पेवाला इचारा."

"पेव खात न्हाई. खानारं मानूस आसतं. पाळी कुनाची व्हती?"

"मला चोर म्हनता का?"

"मी कुनाला काई म्हनत न्हाई. मी इचारतो."

तात्यांनी चोर हा शब्द उच्चारला नव्हता हे खरं. पण साऱ्या गावानं तो ऐकला. आण्णांनी पागोटं सारखं केलं आणि शांतपणे सांगितलं, "ज्या दारात मला चोर म्हनत्यात, त्या दारात माजी सून पाऊल ठिवायची न्हाई. सनाला न्हाई, आन् बाळंतपनालाबी न्हाई. वैजनाथाची आन हाय मला."

गावातल्या गावात दिलेली लेक, आणि वर्षभर दिसेना. नागपंचमी गेली, दिवाळी गेली. दिवाळीनंतर कळलं, वन्संना दिवस गेलेत. पहिली खेप. सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणायची, ही रीत. आमच्या घरी कुणी त्यावर बोलायचं नाही. तात्या मात्र रोज माळवदावर जाऊ लागले. विचारलं तर सांगत, वाळवणाला चिमण्या लागतात. वाळवण नसलेल्या दिवशीही चिमण्या लागायच्या. माळवदावरून खालच्या आळीतलं आण्णांचं परसू दिसतं, हे मला बऱ्याच दिवसांनी उमगलं. मला सगळंच बऱ्याच दिवसांनी उमगतं.

त्या सालची पाळी तात्यांची. चोरी म्हणजे काय ते आता गावाला कळेल, असं त्यांनी जाहीर केलं. खळ्याखळ्यावर स्वतः उभे राहिले. झाकणावर स्वतः लिंपण घातलं आणि ओल्या लिंपणात आपली पाच बोटं उमटवली. रोज सकाळी जाऊन ठशांत बोटं घालून पाहायचे. एकदा घाबरे होऊन घरी आले. म्हणाले, "करंगळीचा ठसा माजा न्हाई."

हे म्हणाले, "मग कुणाचा?"

"कुनाचा तरी माज्याच करंगळीएवढ्या करंगळीचा हाय."

ज्वारी द्यायची वेळ आली की मापही स्वतः घालत, रेघही स्वतः ओढत. फाल्गुनात, पाडव्याच्या आधी, त्यांनी यांनाच दोराला धरून आत उतरवलं. ज्वारी घोट्याच्या किंचित वर होती.

तात्या घरी आले ते भिंतीला टेकून बसले. मग त्यांनी चौकशी सुरू केली. आधी यांची झाली. मग माझी.

"सूनबाई, गेल्या म्हैन्यात तुज्या माहेरची गाडी आलती. जाताना रिकामी गेली का?"

"रिकामी कशी, भाऊ होता गाडीत."

"भावाच्या खाली काय व्हतं?"

"कडबा."

"कडब्याच्या खाली?"

मी रडले. तात्यांना रडण्याचाही संशय आला. पण दोन दिवसांनी आमची घरची माणसं संपली, आणि संशय घ्यायला एकच माणूस उरला. त्या संध्याकाळी त्यांनी यांना विचारलं, "मी झोपंत चालतो का रं?"

दुसऱ्या दिवशी शेवंतामावशी दारात आली. ती विधवा, मागे दोन नातवंडं. पेवाचं झाकण पाडव्यापर्यंत बंद होतं, म्हणून घरातलीच ज्वारी तिला द्यायला मी पायली भरली. तात्यांची धास्ती बसलेली होती. त्यामुळे दाणा वर जाऊ नये म्हणून मी पायलीच्या काठावरून हात फिरवला आणि माप अगदी सपाट केलं. ओट्यावरून तात्या करवादले, "हात कावून फिरवती? उपाश्या मान्साम्होरं हात फिरवत्यात व्हय? शिगंनं घाल. शीग खाली घरंगळंपतूर घाल."

मी काठाच्या वर निमुळता ढीग चढेपर्यंत घातली. शेवंतामावशी आशीर्वाद देत गेली. तात्यांचं तोंड मात्र उघडं ते उघडंच राहिलं. मला वाटलं, वारं गेलं अंगावरून. मी पाणी आणायला धावले तर म्हणाले, "थांब. आपल्या खळ्यावर गावाच्या पेवाला आपन ज्वारी घातली, तवा माप कुनी भरलं व्हतं?"

"तुम्हीच."

"शिगंनं का?"

"नाही. हात फिरवून. एकदा फिरवून झाल्यावर पुन्हा एकदा फिरवलात."

तात्या बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडं पाहत बसले. वाजवून मात्र पाहिला नाही.

पाडव्याला सारं गाव देवळापुढं, पेवातून काढलेल्या थोड्या ज्वारीच्या ढिगाभोवती जमलं. आम्ही बायका ओट्याच्या कडेला. पेवात घोटाभर ज्वारी आहे ही बातमी आधीच फुटली होती. खालची आळी सणाचे कपडे घालून आली होती, ती काही सणासाठी नव्हे. आण्णा म्हणाले, "इवाई, पाळी कुनाची व्हती?"

"माजी," तात्या म्हणाले. "मागल्या साली तुमी चोर व्हते, तर औंदा मी हाय. पन त्येच्या आधी एक काम करा. ही शेवंता आलीया. तिला एक पायली तुमच्या हातानं घाला."

आण्णांना ही काहीतरी चाल वाटली. त्यांनी पायली हातात घेतली, उलटी केली, आणि बुडाला खोटा तळ बसवलाय की काय म्हणून दोन बोटांनी वाजवून पाहिली. गाव हसलं. तात्यांच्या घरचा रोग ओढा ओलांडून गेलेला पहिल्यांदाच दिसत होता. मग आण्णांनी ज्वारी भरली, काठ भरल्यावरही ओतत राहिले, शीग चढवली आणि शेवंतेच्या पदरात रिती केली.

"एक पायली," तात्या म्हणाले. "भितीवर रेघ किती? एकच. आता आजून एक भरा. आसं समजा, तुमचं खळं हाय, आन् गावाच्या पेवात घालायची हाय."

आण्णांनी पायली भरली. हात आपोआप काठावरून फिरला. शिगेचे दाणे ढिगावर परत पडले. हात तिथंच थांबला.

 वरची आळी काय नि खालची काय, जो तो आपापल्या हाताकडं बघत होता. पुरुषांचं मला ठाऊक नाही, आम्ही बायकांनी तर हात पदराखाली घेतले.

"भरताना समदे हात फिरवतो," तात्या म्हणाले. "देताना समदे पुन्य करतो. रेघ दोनीकडं एकच. चोर कुनीच न्हाई इवाई, आन् पेव रितं हाय. मागल्या साली मी तुमाला जे इचारलं, ते इचारायचं न्हवतं."

गाव यावर खूश झालं असं कुणाला वाटेल. गावाला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांचा चोर हातचा गेला. दुपारपर्यंत वरची आळी म्हणू लागली, यापुढं घेतानाही माप शिगेनं घ्या. खालची म्हणाली, त्यापेक्षा देतानाही सपाट द्या. शिगेनं घालायला कुणी तयार नव्हतं आणि सपाट घ्यायलाही. मग लिंबाखाली पुन्हा दोन तट पडले, आणि तात्यांनी हे आपली चोरी झाकायला रचलं, असाही एक तिसरा निघाला. तात्या म्हणाले, "हैदराबादेत दुसरं काय आसनार? दिवान बदलत्यात, हात त्योच." पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

आण्णा मात्र उठताना तात्यांच्या जवळ आले. म्हणाले, "सोमवारी सूनबाईला धाडतो. वैजनाथाच्या आनंचं मी त्याच्याशी बगून घीन. डिंकाच्या लाडवांचं सामान आमच्याकडून यील. तुमच्या घरचं माप आमाला कळलंय."

"आन् तुमच्या घरचं आमाला," तात्या म्हणाले.

सोमवारी वन्सं आल्या. तात्या दारात उभे. त्यांनी गाडीचं चाक ठोकलं, बैलाचं कपाळ ठोकलं, सामानाची दुरडी ठोकली. हात कुठं ठेवावा ते न कळल्यासारखं सगळं ठोकलं. मग दोन्ही हातांनी लेकीला उतरवून घेतलं. त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या चिमण्या बंद होत्या.

पुढं काही वर्षांनी, हरभरा काढणीला आला असताना तात्या गेले. पाडवा झाला नि ज्वारीच्या राशी झाल्या. पेवात घालायची वेळ आली तेव्हा आण्णांनी आपल्या खळ्यावर पहिली पायली भरली, हात वर उचलला, आणि काठावरून न फिरवता तसाच खाली घेतला. शीग चढवली. म्हणाले, "ही इवायांच्या नावाची." गावाच्या पेवात शिगेनं पडलेली तेवढी एकच पायली.

त्यावर गावात महिनाभर चर्चा झाली. वरच्या आळीला संशय आला की आण्णांना आमचीही पाळी हवी आहे. खालच्या आळीला संशय आला की आण्णा व्याह्यांच्या आळीला मिळाले. मी भोळी, मला कसलाच संशय आला नाही. मी तिथंच उभी होते आणि आण्णांचे डोळे भरलेले मी पाहिले होते. तात्या असते तर त्यांनी ती पायली आधी वाजवून पाहिली असती. आणि मला वाटतं, ती भरीव वाजली असती.