तात्यांचा हीटर

तात्या हीटर तापला की नाही ते थुंकून बघत. तोंडात तंबाखू असायचीच. पाटावर बसल्या बसल्या नेम धरायचा; चर्र आवाज आला की समाधानाने म्हणायचे, "तापलो." ते आठवलं की आजही माझा घास तोंडात फिरतो.

तात्या म्हणजे मालवणात आमच्या पलीकडच्या घरातले. उभी हयात बोटीवर आगवाले म्हणून बॉयलरला कोळसा घालण्यात गेली. कायमचे घरी आले ते कुठल्याशा थंड बंदरातला हीटर घेऊनच. गावात वीज आली आणि पावसाळ्यात दमट खोली शेकायला तो बाहेर निघू लागला. उरलेलं वर्ष खाटेखाली, सुक्या बांगड्यांच्या डब्याशेजारी. आत झुरळांचा संसार. साफ करा म्हटलं, की उत्तर ठरलेलं. "आगीक विटाळ नाय, बाय. आत पडला ता जळता."

तुमच्याही शेजारी असं माणूस असेल. जीव लावणारं, आणि शिसारी आणणारं.

त्यांची लेक बाळंतपणाला आली तो श्रावण होता. सरपण ओलं, शेगडी धुरायची, म्हणून तात्यांनी बाळंतिणीच्या खोलीत हीटर लावला आणि दार घट्ट ओढून घेतलं. थोड्या वेळाने केस जळल्याची, सुकी मासळी करपल्याची घाण आमच्या स्वयंपाकघरात आली. मी धावले. खोलीत धूर कोंडलेला, लेक गाढ झोपलेली, आणि नुकतंच बारसं झालेलं पोर खोकून खोकून निळसर पडलेलं. दार उघडलं, प्लग ओढला, लेकीला हलवून उठवलं आणि पोराला ओटीवर आणलं. मोकळ्या हवेत ते रडलं, तेव्हा कुठे मी त्याला लेकीच्या मांडीवर दिलं.

हीटर पुरता थंड झाल्यावर अंगणात नेला आणि नाकाला पदर बांधून मागची जाळी खोलली. तात्या धुवायला तांब्या घेऊन आलेच. तारांना पाणी लावायचं नाही, असं वायरमनने सगळ्यांना बजावलं होतं. मी तांब्या काढून घेतला आणि कोरड्या ब्रशाने झाडत बसले. झुरळांचे पंख, केसांचे गुंते, माशांची खवलं, एक वाळून कोळ झालेली पाल, आणि त्या सगळ्याला थुंकीचा चिकटा. मी ओकारी गिळली. तात्या मात्र माडाच्या आळ्यात खरंच ओकले. तोंड धुऊन पायरीवर बसले.

"आज माझ्या हातान पोर गेला असता," एवढंच म्हणाले.

त्यानंतर दर पावसाळ्याआधी हीटर माझ्या ओट्यावर यायचा. तात्या पाठ फिरवून, नाक दाबून बसायचे. "काय मेलाहा ता सांगू नको. माका बघवना नाय." मी मुद्दाम एकेक पंख मोठ्याने सांगायची. थुंकणं सोडलं, असं मात्र ते छातीठोकपणे सांगायचे.

तात्या गेल्यावर पुढच्या मृगाआधी त्यांच्या बायकोने, काकूंनी, हीटर आणून ठेवला. नातू येणार, त्याला पावसात सर्दी होते, साफ करून दे म्हणाल्या. मी जाळी खोलली. धूळ फारशी नव्हती. तारेमागच्या पत्र्यावर तंबाखूचा तपकिरी शिंतोडा तेवढा वाळून बसला होता. म्हणजे म्हातारा शेवटपर्यंत थुंकत होता. आता चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी मान वळवली, तर ओट्यावर पाठ करून कोणी बसलेलं नव्हतं.