बाई का बोलल्या नाहीत

नलिनीबाईंची आणि माझी ओळख झाली तेव्हा शतक नुकतंच बदललं होतं. पनवेलच्या आमच्या महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवायला रुजू झालो आणि बाई निवृत्तीकडे झुकल्या होत्या.

महायुद्धानंतरच्या कादंबऱ्या हा बाईंचा जिव्हाळ्याचा विषय. युद्धावरून परतलेला, कशावरच विश्वास न उरलेला नायक आम्ही सगळेच शिकवायचो. बाई वर्गात विचारायच्या, "तो खचला, मान्य. पण तो युद्धावर असताना इतकी वर्षं कारखान्यात राबलेली त्याची बायको मुकाट्यानं पुन्हा चुलीपुढे कशी गेली?" मला हे कधी सुचलंच नव्हतं. सुकापूरच्या घरी कित्येक रविवार बसवून त्यांनी मला हा विषय शिकवला, आपली टिपणांची वही दिली. वर त्यांच्या यजमानांच्या हातचे पोहे.

दोन वर्षांनी याच विषयावर चर्चासत्र ठरलं. संयोजक मी. रिवाजाप्रमाणे प्राध्यापिकांची नावं मी डोळे झाकून स्वागत समितीत घातली. रांगोळी, पुष्पगुच्छ, चहापान. त्यांत बाईही होत्या. बीजभाषण मी ठोकलं, त्यांच्याच वहीतून, त्यांचं नावही न घेता. विषय काय, तर कादंबरीतल्या स्त्रियांच्या वाट्याला आलेली दुय्यम कामं!

भाषणानंतर विचुंब्याची एक विद्यार्थिनी उठली. "सर, ह्ये समदं आमाला बाईंनी शिकवलंय. मंग त्या का नाय बोलत?"

बाई दाराशी गुच्छांचं तबक घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "बाई कामात आहेत."

सभागृह हसलं. मीही हसलो. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

संध्याकाळी बाई एवढंच म्हणाल्या, "भाषण नीट झालं रे. त्या पोरीला मात्र खरं उत्तर दे." मी दिलं नाही. भाषण माझ्या नावावर छापून आलं, बढतीच्या अर्जालाही जोडलं. बाईंनी कुठे अवाक्षर काढलं नाही. उलट माझी आई आजारी होती तेव्हा माझे तास त्यांनी घेतले.

ती विद्यार्थिनी आता नेऱ्याच्या शाळेत शिकवते. बाईंचा हा गौरवग्रंथ तिच्यापर्यंत पोचेल, म्हणून इथेच सांगतो. बाई बोलल्या नाहीत, कारण मी त्यांना बोलू दिलं नाही. भाषण त्यांचंच होतं.

पंचाहत्तरीत पदार्पण करणाऱ्या बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. क्षमा त्यांनी केव्हाच केली असेल. मागायची माझ्याकडून राहिली होती, ती आज चारचौघांत मागतो.