माझी कात्री आणि लॉन

नव्वदीतल्या एका उन्हाळ्यात इंदिरानगरला नळाला दिवसाआड पाणी यायचं. गवत आखूड असलं की पाणी कमी पितं, असा माझा हिशेब. म्हणून दर रविवारी मी दारापुढचं लॉन कात्रीने बारीक कापायचो. सातपूरच्या कारखान्यातून आलो की चहाआधी गवत बघायचो. ते पिवळं पडत गेलं, तसा मी आणखीच कापू लागलो.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी इगतपुरीकडच्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, लय ऊन हाय. गवताच्या मुळाला गवताचीच सावली. वाढू द्या."

मला राग आला. तरी दोन रविवार कात्री कपाटात ठेवली. गवत बुडाशी हिरवं झालं. ऊन तेच होतं, पाणीही तेवढंच. थांबली होती ती फक्त माझी कात्री.

तिसऱ्या रविवारी माझे हात पुन्हा शिवशिवू लागले.