तारकाकांच्या नावाने आलेला फोन

“दादा, घसा आता बरा आहे ना?” दुकानाची पायरी चढता चढता धाकट्या बहिणीने विचारले आणि घशाच्या गोळ्यांची पुडी गल्ल्याजवळ ठेवली. हातातला पेचकस तसाच धरून तारकाका तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या घशाला काहीही झालेले नव्हते.

तारकाकांची उभी हयात टेलिफोन खात्यात, खांबांवर चढून तारा जोडण्यात गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी मोबाईल दुरुस्तीचे आणि सिमकार्डांचे छोटेसे दुकान थाटले. माणूस कमालीचा शिस्तीचा. स्क्रू आकारानुसार वेगवेगळ्या डब्यांत, पुसायचे फडकेसुद्धा घडी घालून. एका बाबतीत मात्र ही शिस्त पातळ होई. ओळखीचे कागद नसलेले कोणी “काका, एवढं जमवा” म्हणाले, की ते यंत्रावर स्वतःचाच अंगठा टेकवीत आणि आपल्या नावावरचे कार्ड त्याच्या हातावर ठेवीत. एका माणसाला नियमाने जेवढी कार्डे मिळत, तेवढी सगळी त्यांनी अशीच वाटून टाकली होती. घराघरांत तार नेऊन पोहोचवलेल्या या गृहस्थांना कोणी फोनावाचून राहिलेले पाहवत नसे.

फोन करणाऱ्याचे नोंदलेले नाव समोरच्या पडद्यावर दिसलेच पाहिजे, असा सरकारी नियम लागू झाला तेव्हा काकांना कोण आनंद झाला. आता भामट्यांची धडगत नाही, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवीत. नाव दिसले तरच फोन उचलायचा, नाहीतर खुशाल वाजू द्यायचा, हे त्यांनी बहिणीकडून घोकून घेतले होते. गल्लीत त्यावरून थट्टाही चाले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीने कुणाला फोन केला तरी पडद्यावर काकांचेच नाव झळके, मग पलीकडचा म्हणे, “काका, आज आवाज फार गोड लागलाय.” काकाही खो खो हसत.

त्या दिवशी सकाळी बहिणीला आलेल्या फोनवरही त्यांचेच नाव होते. नेहमीच्या ‘दादा’ऐवजी पूर्ण नाव आले, तेव्हा सरकारने बदलले असेल असे तिला वाटले. घसा पार बसलाय, असे सांगून दादाने तिच्या फोनवर आलेला आकडा विचारला होता.

“कुणाला सांगितलास तो आकडा?”

“तुलाच की,” ती म्हणाली.

काकांनी तिचा फोन घेऊन बँकेचे खाते पाहिले. मोतीबिंदू काढण्यासाठी बहिणीने पै पै करून साठवलेले सगळे गेले होते. फोनचा नंबर पाहताच त्यांना तो माणूस आठवला. कागदपत्रे चोरीला गेली म्हणून आलेला, अतिशय नम्र, छत्रीवाला. कार्ड मिळाल्यावरही तो बरेच दिवस चहाला येऊन बसे आणि बहिणीच्या डोळ्यांची आस्थेने चौकशी करी. आपण त्याला स्वतःचे नाव दिले; घरची कहाणीही आपणच पुरवली.

बँकेने सांगितले, फोन तर भावाच्याच नावाचा आहे. तो दुसऱ्याच्या हाती असल्याचे भावाने लेखी दिले तरच तक्रार पुढे जाईल. दोघे तसेच फोन कंपनीच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या मुलीने कागद पुढे सरकवला आणि शांतपणे सांगितले, “आजोबा, सही केलीत की तुमच्या नावावरची सगळी कार्डं संध्याकाळी बंद होतील. नियमच आहे तसा.”

पेन हातात धरूनच काकांनी इस्त्रीवालीला फोन लावला. निदान तिला तरी आधी कळवावे.

“नाव माझं दिसतंय, आणि बोलतोयही मीच,” ते म्हणाले आणि त्यांनी सारे सांगितले. तुझ्या मुलाला लगेच कळव, दुसऱ्या कुणाचा तरी नंबर दे, असेही सुचवले.

पलीकडे इस्त्री ठेवल्याचा आवाज आला. “कसं कळवू, काका? तो जहाजावर. दर बंदरातून वेगळ्याच नंबरावरून तोच करतो. मला उलटा लागत नाही. त्याला माझा एवढा एकच नंबर पाठ आहे.”

ती पुढे हळूच म्हणाली, “मग मी त्याला सापडणार कुठे?”

बाकावर बसलेली बहीण अंधुक डोळ्यांनी त्यांच्याच दिशेने पाहत होती. काकांनी फोन कानाला तसाच ठेवला आणि वळणदार अक्षरांत, नेहमीसारखी, सही केली.

“मी... येतो तिकडे,” कसेबसे ते फोनमध्ये म्हणाले.

बहीण दचकून उठली. सकाळचा आवाज थेट असाच बसलेला होता.