मादागास्करची पाल आणि कोवळं ऊन

कुवेतमधल्या सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या लेकीने पाल पाळली होती. आपल्याकडे पाल झाडूने हाकलतात. ही काचेच्या पेटीत, चोवीस तास एसीत राहायची. मादागास्करच्या जंगलातली जात, शेपटी वाळक्या पानासारखी. पापण्या नाहीत म्हणून डोळे जिभेने पुसायची. दोन वर्षांत मी तिला एकदाही हात लावला नाही. "ही घरातून जाईल तो सुदिन," असं लेकीला ऐकवायचे, आणि ती "आई, प्लीज!" म्हणून दार लावून घ्यायची.

जूनमध्ये प्रवेशपरीक्षेसाठी ती बाबांबरोबर पुण्याला गेली. जाताना मला कागद लिहून दिला: दोनदा पाणी फवारायचं, एसी बंद करायचा नाही, पेटी हलवायची नाही.

"हो गं बाई, तू पेपर नीट लिही," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी पालीने किडे खाणं सोडलं. नुसती काचेला चिकटून बसायची. खरं सांगते, मला तिची कीव आली. लेकीला कळवलं तर तिचं परीक्षेत लक्ष लागणार नाही, म्हणून गप्प राहिले. जन्मल्यावर लेकही अशीच मलूल होती, दूध ओढत नव्हती. तेव्हा आईच्या सांगण्यावरून मी तिला याच गॅलरीत सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायचे. पण तो डिसेंबर होता, आणि हा कुवेतचा जून. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

सकाळी सातला पेटी गॅलरीत ठेवली, चहा केला, प्यायले. परत आले तर काचेला हात लावता येईना. पाल तळाशी उताणी पडली होती. मी तिला उचललं, ओल्या फडक्यात गुंडाळलं, कितीतरी वेळ तशीच धरून बसले. काही उपयोग झाला नाही.

परीक्षा संपल्यावर लेकीला फोनवर सगळं सांगितलं. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी पोर चक्क मराठीत म्हणाली, "आई, तू मुद्दाम केलंस का?"

"नाही गं. तुझी शप्पथ."

"ओके," म्हणून तिने फोन बाबांकडे दिला.

ऑगस्टमध्ये ती शिकायला पुण्याला गेली. विमानतळावर माझ्या गळ्यात पडली, रडलीसुद्धा. माझ्या शपथेवर तिचा विश्वास बसला की नाही, हे विचारायचा धीर मला झाला नाही.