फ्रीजरातली केळी आणि सहा पोरं

पाळणाघरात किस्से शोधावे लागत नाहीत. दुपारी पोरं झोपली, पाठ टेकली, की एकेक आठवायला लागतो. घरात ऐकायला कोणाला वेळ नाही, म्हणून लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत, चुका असतील.

मीरा रोड स्टेशनबाहेर चाळीस वर्षं फळांची हातगाडी लावली. गुडघे गेले, गाडी गेली. आता सिल्व्हर पार्कात मुलाच्या घरी बसतो. बसतो कसला, सून सुषमा बसू देते कुठे! पुढच्या खोलीत तिचं पाळणाघर. सहा पोरं. आईबाप रोज फळं देतात, निम्मी उरतात. ती कापून गोठवायची आणि पोरांना आईस्क्रीम म्हणून द्यायची, ही तिची आयडिया.

मी म्हटलं, "मी उरलेला माल कधी गिऱ्हाइकाला दिला नाही. गाईला टाकला."

"बाबा, गाय काय पोरांपेक्षा लाडकी?"

तेव्हापासून चाकू माझ्या हातात आहे.

*

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "केळी फ्रीजरमध्ये ठेवा." ठेवली. डझनभर, सालासकट. साल आहे तोवर माल टिकतो, आमच्या धंद्यात हे शेंबडं पोरही सांगेल.

दुसऱ्या दिवशी बाहेर काढली तर काळी ठिक्कर, पोलिसाच्या दांडक्यासारखी. साल निघेना. मी बत्ता घेतला. दोन घाव घातले तशी आतली सहाही पोरं उठून रडायला लागली.

सुषमा धावत आली. "अहो, सोलून ठेवायची असतात."

"मग सोलून ठेवा म्हणायचं."

"चाळीस वर्षं केळी विकलीत ना?"

विकली. गोठवली नव्हती.

*

सहातला एक ओजस, तीन वर्षांचा. त्याची आई सायली हिला अंधेरीला नवी नोकरी लागलेली. सकाळी नऊला पोरगं सोडायची, संध्याकाळी सातला न्यायची. तेवढ्या वेळात ओजस पाण्याशिवाय तोंडात काही घेत नसे. भात नाही, बिस्कीट नाही. तीन आठवडे झाले. पोराचे गाल बसले.

सायली दारात उभी राहून म्हणाली, "काका, या शुक्रवारपर्यंत बघते. नाहीतर सोडते नोकरी. घरी बसते."

मी म्हटलं, "बघू."

*

द्राक्षांचे उभे चार तुकडे करायचे, पोरांच्या घशात अडकू नयेत म्हणून. एका द्राक्षाचे चार. मी अख्खे घड तोलून दिलेला माणूस. सकाळपासून बसलो तर दुपारी वाटी भरली. सुषमानं ती दह्याबरोबर मिक्सरमधून फिरवली.

"मग तुकडे कशाला करायला लावलेस?"

"मिक्सर बंद पडला तर?"

मी पुढचा घड ओढला.

*

एका पोराचा बाप स्कूटरवरून आला. मला म्हणाला, "अंकल, फ्रीजर का कुछ मत देना. इसको खाँसी होती है."

मागे बसलेल्या पोराच्या हातात नारंगी कुल्फी होती. कोपरापर्यंत ओघळलेली.

मी म्हटलं, "और ये क्या है?"

"ये तो रोता है ना, इसलिए."

*

पपईचं आईस्क्रीम कोणी खाईना. छोटी झोया माझ्या हातात काडी परत देऊन म्हणाली, "आजोबा, ये आप खाओ."

मला राग आला. मी गाडीवरचा आवाज काढला. "चलो, चलो, आखरी दो बचे! बाद में मत रोना!"

पाच पोरं तुटून पडली. पपई संपली, एक काडीही मोडली. ओजस कोपऱ्यात भिंतीला टेकून नुसता बघत होता. चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक भेटलं नाही.

*

शुक्रवारी दुपारी सुषमा पोरांना झोपवत होती. वाटीत केळी-आंब्याचं आईस्क्रीम थोडं उरलेलं. टाकवेना, म्हणून मी ते घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. गारठ्यानं दात ठणकले. वाटी खाली ठेवली.

ओजस उठून आला. समोर बसला. मी त्याला खा म्हटलं नाही. म्हणून म्हणून दमलो होतो.

त्यानं चमचा भरला, माझ्या तोंडाशी आणला. "आ कर."

"नको रे. दात दुखतात."

त्यानं माझी हनुवटी धरली. "असं नाही करायचं. मम्माला उशीर होतो. मग मम्मा रडते."

मी तोंड उघडलं. दोन चमचे गिळले. तिसऱ्याला खरंच नको झालं, मान फिरवली.

त्यानं मोठ्या माणसासारखा उसासा सोडला. "बघ, मी खातो हां. मग तू." आणि खाल्ला. मग एक मला, एक त्याला. वाटी खरवडून झाली.

मान वर केली तर दारात सायली. हाफ डे टाकून आलेली, सोमवारपासून ओजस येणार नाही हे सांगायला. दोन्ही चपला हातात धरून उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

सुषमा बाहेर आली. "अगं, आत ये ना. काही बोलायचं होतं का?"

"नाही," सायली म्हणाली. "सोमवारी नऊला सोडते."

आणि ओजसला न घेताच जिना उतरली. खालच्या मजल्यावरून परत आली.